पीएचक्यू-९ : नैराश्य मोजणारा फुकटचा कागद ल्युपसमध्ये कितपत चालतो?

पीएचक्यू-९ म्हणजे एका पानावरचे नऊ प्रश्न. भरायला तीन मिनिटं पुरतात, पैसे पडत नाहीत, कोणाची परवानगी लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत मन, झोप, भूक, थकवा यांची काय गत होती ते तो विचारतो आणि शेवटी ० ते २७ मधला एक आकडा हातात ठेवतो. ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेल्यांनी तो वापरावा का? जरूर वापरावा. पण शेवटचा आकडा जसाच्या तसा खरा धरला तर फसगत होते, आणि तीही दोन्ही बाजूंनी: मन ठीक असलेली बाई नैराश्यात मोजली जाते आणि खरोखर खचलेली सुटून जाते.

आधी कागद लागतोच कशाला ते पाहू. ल्युपसच्या प्रत्येक भेटीत सीबीसी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, सी३-सी४, डीएसडीएनए हे सगळं नेमानं तपासलं जातं. मनाची तपासणी कुणी लिहून देत नाही आणि पेशंटही स्वतःहून बोलत नाही. बोललीच तर "नैराश्य" हा शब्द क्वचितच येतो. येतं ते "करमत नाही", "कशात जीव रमत नाही", "टेन्शन येतं", "अंगात त्राणच नाही". यातलं शेवटचं वाक्य संधिवाताच्या डॉक्टरांना आजाराचं लक्षण वाटतं. ते आणखी दोन तपासण्या लिहितात आणि मनाचा विषय तिथेच राहतो. ५९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निदान केलेलं नैराश्य सुमारे २४ टक्के पेशंटांत सापडलं. म्हणजे चौघींत एक. (चौघींत म्हणायचं कारण, ल्युपसच्या दर दहा प्रौढ पेशंटांपैकी नऊ बायका असतात.) गंमत अशी की त्याच आढाव्यात बीडीआय (बेक डिप्रेशन इन्व्हेंटरी) नावाच्या प्रश्नावलीचे आकडे जमवले तर तेच प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर गेलं. माणसं तशीच, मोजपट्टी वेगळी. पीएचक्यू-९ हातात घेताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आता कागद. रॉबर्ट स्पिट्झर, जेनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के यांनी अमेरिकेत तो बनवला. खर्च फायझर या औषध कंपनीनं केला. नैराश्यावरची गोळी विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून नैराश्य शोधणारा कागद तयार झाला, यावर नाक मुरडणारे आहेत. त्यांची शंका अगदीच गैरवाजवी नाही, पण कागदाचं काम त्यामुळे बिघडलेलं नाही. २००१ साली त्याची पारख प्रसिद्ध झाली ती साध्या दवाखान्यांतल्या आणि स्त्रीरोग विभागांतल्या ६,००० पेशंटांवर. त्यातल्या ५८० जणांच्या मुलाखती झाल्या, आणि १० ही सीमा धरली तर नैराश्य असलेले ८८ टक्के पकडले जातात, नसलेले ८८ टक्के बरोबर बाजूला पडतात, असं दिसलं. ही पारख ल्युपसच्या पेशंटांवर झालेली नव्हती. पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

मराठी भाषांतर अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतं. ए-फोर कागदावर छापून घ्यावं, मोबाइलवर भरू नये. कारण शेवटी सांगतो.

प्रत्येक प्रश्नापुढे चार रकाने असतात: अजिबात नाही ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. चौदा दिवसांचा हिशेब असल्यानं दोनचा रकाना आठव्या दिवसापासून सुरू होतो, हे भरणाऱ्याला आधी सांगावं लागतं. नाहीतर लोक दिवस मोजायच्या ऐवजी त्रास मोजतात: फार त्रास झाला म्हणून तीन, थोडा झाला म्हणून एक. एकाच रात्री झोपेचं खोबरं झालं असेल तर उत्तर १ आहे, मग ती रात्र कितीही वाईट गेलेली असो. बेरीज ४ पर्यंत असेल तर विशेष काही नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० पासून पुढे तीव्र. खाली एक दहावा प्रश्न असतो: या सगळ्यामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालं? त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत, म्हणून बरेच जण तो सोडून देतात. ल्युपसमध्ये तो भरलाच पाहिजे. जगण्याच्या प्रतीबद्दल या अख्ख्या कागदावर तेवढीच एक ओळ आहे.

भरताना शेजारी कोणी नको. ओपीडीच्या बाकावर एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई आणि मांडीवर हा कागद, अशा अवस्थेत "आपण घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटतं का" या सहाव्या प्रश्नाला खरं उत्तर येणार नाही. वाचता येत नसेल तर नर्सनं किंवा समुपदेशकानं बाजूला घेऊन वाचून दाखवावं. मुलीनं किंवा सुनेनं नको, ती कितीही जवळची असली तरी.

आता मुख्य अडचण. नऊपैकी पाच प्रश्न शरीराकडे झुकलेले आहेत: तिसरा झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा, सातवा लक्ष लागण्याचा, आठवा हालचाल मंदावण्याचा किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्यांचा. या पाचांचे मिळून २७ पैकी १५ गुण. आणि ही पाचही लक्षणं ल्युपस एकटा, किंवा त्यावरचं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड एकटं, मनाला हातही न लावता उभी करू शकतं.

समजा, एका बाईला मूत्रपिंडाचा ल्युपस उसळला म्हणून रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालंय. पहाटे तीनला टक्क जाग येते: तिसऱ्या प्रश्नाला ३. अंग शिशासारखं जड: चौथ्याला ३. सारखी भूक, रात्री उठून चिवड्याचा डबा उघडला जातो, आणि पाचवा प्रश्न भूक मंदावण्याबरोबर जास्त खाण्याबद्दलही विचारतो: ३. पेपरातला मजकूर दोनदा वाचावा लागतो: सातव्याला २. चुळबूळ वाढलीय: आठव्याला १. पहिला, दुसरा, सहावा, नववा, सगळीकडे शून्य. बेरीज १२, म्हणजे "मध्यम नैराश्य". तिला मात्र नातवाच्या बारशाची हौस आहे, शेजारणीशी गप्पा चालू आहेत. हे नैराश्य नाही.

दुसरी बाई घ्या. आजार शांत, रिपोर्ट चांगले, डॉक्टर खूष. कशात मन लागत नाही: २. रोज उदास: ३. आपण घराला ओझं झालो ही भावना रोज: ३. झोप गोळीनं लागते म्हणून तिथे ०. थकव्याला तिनं फक्त १ दिला, कारण "हे तर आजारातलंच, यात काय लिहायचं". बाकी शून्य. बेरीज ९, म्हणजे "सौम्य". १० च्या सीमेनुसार ही बाई सुटते आणि पहिली अडकते.

यावर कागदाच्याच कर्त्यांनी दिलेली दुसरी वाचनपद्धत कामाला येते. ती फारशी कोणी वापरत नाही, कारण बेरीज करणं सोपं. नियम असा: पहिल्या दोन प्रश्नांपैकी (रस वाटणं आणि उदासी) निदान एकाला २ किंवा ३ असलंच पाहिजे, ते नसेल तर बाकी बेरीज कितीही होवो, नैराश्य म्हणायचं नाही. ते असेल, तर २ किंवा जास्त गुण मिळालेले एकूण प्रश्न मोजायचे. पाच किंवा अधिक भरले तर मोठ्या नैराश्याची शक्यता, दोन ते चार भरले तर छोट्या स्वरूपाची. नवव्या प्रश्नाला १ मिळाला तरी तो मोजायचा. या नियमानं पहिली बाई बाहेर पडते, कारण तिचे पहिले दोन्ही प्रश्न शून्य आहेत. दुसरी आत येते, तिचे तीन प्रश्न भरतात. ल्युपससाठी ही पद्धत बेरजेपेक्षा कितीतरी शहाणी आहे.

आणखी एक सोय करून ठेवावी. १, २, ६ आणि ९ या चार प्रश्नांभोवती पेनानं गोल करून त्यांची वेगळी बेरीज समासात लिहावी, १२ पैकी. या बेरजेला ठरलेली सीमारेषा नाही, निदान म्हणून ती वापरायची नाही. पण तीन महिन्यांनी पुन्हा कागद भरला की आजार हलला की मन हललं, हे त्या आकड्यावरून झटकन दिसतं. शरीराचे पाच प्रश्न टाकून मात्र द्यायचे नाहीत. नैराश्यातही झोप जाते, भूक जाते, अंग गळतं. "हे सगळं ल्युपसचं" म्हणून ते खोडणं ही पहिल्या चुकीइतकीच मोठी चूक आहे.

पहिल्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण मराठीत तो सगळ्यात जास्त घसरतो. प्रश्न विचारतो, गोष्टी करण्यात रस किंवा आनंद कमी झाला का. ल्युपसमधली बाई म्हणते, "आता काही करवत नाही", आणि ३ वर खूण करते. "करवत नाही" आणि "करावंसं वाटत नाही" यांत सगळं निदान दडलेलं आहे. म्हणून पुढे एकच विचारायचं: अंगात ताकद असती तर केलं असतं का? "लगेच केलं असतं हो, रांगोळी काढायला हात शिवशिवतात, पण बोटं वळत नाहीत" असं उत्तर आलं तर ती सांध्यांची तक्रार आहे. "ताकद असून तरी काय, नकोच वाटतं" असं आलं तर ३ खरा.

नवव्या प्रश्नाचा घोळ वेगळा आहे. मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटणं आणि स्वतःला इजा करायचे विचार येणं, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्यात. आपल्याकडे तर दुखण्यानं कंटाळलेली माणसं "आता देवानं उचलावं" हे येता-जाता म्हणतात, आणि तेवढ्यावर १ ची खूण होते. म्हणून ती खूण सोडून द्यायची असं मुळीच नाही. शून्याखेरीज काहीही असलं तर त्याच बैठकीत, शांतपणे, सरळ शब्दांत विचारायचं: जीव द्यावासा वाटतो का, कसं करायचं हे मनात आलंय का, तशी काही तयारी केलीय का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. मनात बेत असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातला औषधांचा साठा दुसऱ्यानं ताब्यात घ्यायचा (ल्युपसच्या घरात तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या भरलेल्या असतात) आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणीबाणीला ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेला १०८. "पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगू" हे इथे चालत नाही.

कागदाच्या माथ्यावर तारखेशेजारी तीन गोष्टी लिहिल्या नाहीत तर ल्युपसमध्ये आकड्याचा अर्थच लागत नाही: त्या दिवशीचा प्रेडनिसोलोनचा डोस मिलिग्रॅममध्ये, तो कधी वाढवला किंवा कमी केला ती तारीख, आणि आजार उसळलेला आहे की शांत. याचं कारण जुनं आहे. १९७२ साली बोस्टनमधल्या औषध-निरीक्षण प्रकल्पानं रुग्णालयातल्या पेशंटांचा हिशेब मांडला होता. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत स्टिरॉइड घेणाऱ्यांत मानसिक त्रासाचं प्रमाण १.३ टक्के, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. त्रास बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो, म्हणजे नेमका प्रश्नावलीच्या मुदतीत. संध्याकाळी घेतलेली गोळी झोपेचा जास्त बळी घेते. डॉक्टरांना विचारून ती सकाळच्या नाश्त्याबरोबर नेली तर तिसऱ्या प्रश्नाचे गुण एखाद्या आठवड्यात आपोआप उतरलेले दिसतात. मात्र मन बिघडलं म्हणून स्टिरॉइड आपल्या मनानं बंद करायचं नाही. जास्त दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलची जुळवणी झालेली नसते, आणि रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

स्टिरॉइडची एक बाजू हा कागद अजिबात पकडत नाही. काहींचं मन खाली जायच्या ऐवजी वर उधळतं: झोप नको, अखंड बडबड, रात्री दोनला कपाटं आवरायला काढणं, नको तिथे पैसे उडवणं, कुणी टोकलं की भडका. पीएचक्यू-९ मध्ये बेरीज तीन-चार येते आणि सगळे निश्चिंत होतात. घरच्यांनी हे वागणं डॉक्टरांच्या कानावर घातलंच पाहिजे, कारण अशा अवस्थेत नैराश्याची गोळी सुरू झाली तर उधाण आणखी वाढतं. चिंतेबद्दलही कागदावर काही नाही. त्यासाठी त्याच मंडळींचा जीएडी-७ आहे, सात प्रश्नांचा, तोही फुकट. दोन्ही एकत्र छापून घ्यावेत.

आणि काही वेळा प्रश्नावली बाजूलाच ठेवायची असते. बोलण्यात अचानक विसंगती, ओळखीची माणसं न ओळखणं, भास, झटका, एका बाजूची ताकद जाणं, ताठ मानेसह ताप असं काही असेल तर हा मेंदूवर उतरलेला ल्युपस किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे तातडीनं रुग्णालय, एमआरआय, गरजेनुसार पाठीतल्या पाण्याची तपासणी. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं १९९९ साली ल्युपसच्या मज्जासंस्थेतल्या १९ प्रकारांची यादी केली. मनःस्थितीचे विकार, चिंता, बुद्धीचं मंदावणं हे त्यात आहेतच. म्हणजे नैराश्य हे आजाराला कंटाळून आलेलं असतं तसं आजारानं थेट केलेलंही असू शकतं. नऊ प्रश्नांना त्यातला फरक कळत नाही. बेरीज वाढली की टीएसएच आणि हिमोग्लोबिन तरी बघून घ्यावं. थायरॉइड आणि रक्तक्षय ल्युपसबरोबर नेहमी दिसतात आणि दोन्ही चौथ्या प्रश्नात भर घालतात.

दुसरे कागद काय करतात? एचएडीएस १९८३ चा, चौदा प्रश्नांचा, सात चिंतेचे, सात नैराश्याचे, प्रत्येक गटाला २१ पैकी गुण, ८ च्या पुढे शंका. शारीरिक आजार असलेल्यांसाठीच केलेला, म्हणून झोप, भूक, थकवा मुद्दाम वगळलेले. कागदावर हा ल्युपसला जास्त शोभतो. पण "मी मंदावल्यासारखा झालोय" हा प्रश्न त्यात आहेच, सुजलेले सांधे त्याला ३ देतात. "दिसण्याकडे लक्ष देणं सोडलंय" हा दुसरा, केस गळालेल्या बाईला तो भलतीकडेच लागतो. चिंतेच्या भागात पोटात फुलपाखरं उडण्याचा इंग्रजी वाक्प्रचार आहे. तो शब्दशः मराठीत आणला तर पेशंट गोंधळून बघत राहते, "पोटात गोळा येतो का" म्हटलं की लगेच कळतं. शिवाय एचएडीएस फुकट नाही, परवाना लागतो. सीईएस-डी १९७७ चा, वीस प्रश्न, ६० पैकी गुण, १६ ची सीमा. त्यातले चार प्रश्न उलटे मोजायचे असतात आणि घाईत नेमके तेच चुकतात. घरी वापरायला तो नको.

जगण्याची प्रत मोजायची असेल तर पीएचक्यू-९ कडून अपेक्षाच करू नये, त्यासाठी ल्युपसक्यूओएल आहे. इंग्लंडमध्ये पेशंटांच्या मुलाखतींवरून तयार झालेला, २००७ चा, ३४ प्रश्न, गेल्या चार आठवड्यांबद्दल. आठ विभाग: शारीरिक क्षमता, दुखणं, बेत आखता येणं, शरीरसंबंध, दुसऱ्यांवर भार होणं, भावना, दिसणं आणि थकवा. प्रत्येक विभागाला ० ते १०० गुण, जास्त ते चांगले. म्हणजे पीएचक्यू-९ च्या उलट दिशा. दोन्ही कागद एकाच फाइलीत ठेवले की आकडे हमखास उलटे वाचले जातात, तेव्हा समासात बाण काढून ठेवावा. यालाही परवाना लागतो, त्यामुळे तो संशोधनात जास्त आणि ओपीडीत कमी दिसतो. पण त्यातले विभाग नुसते डोळ्यांखालून घातले तरी नऊ प्रश्नांतून काय निसटतं ते कळतं.

उदाहरणार्थ दिसणं. स्टिरॉइडनं चेहरा गोल झालेल्या मुलीला लग्नात भेटणारी प्रत्येक मावशी म्हणते, "तब्येत छान सुधारली गं!" या एका वाक्याला पीएचक्यू-९ मध्ये रकाना नाही. ऊन चालत नाही म्हणून दुपारचं लग्न, मुलांचं स्नेहसंमेलन, एसटी स्टँडवरची वाट बघणं, शेतावरची फेरी, सगळं हळूहळू सुटतं, यालाही नाही. एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचा कुर्ता, टोपी, छत्री आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन लावणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, यालाही नाही. बेत आखता न येणं हा विभाग तर मोठा हुशारीचा आहे, कारण ल्युपसमधला मनस्ताप पुष्कळदा दुखण्यापेक्षा अनिश्चिततेचा असतो: परवा मी उभी असेन की आडवी, हेच ठाऊक नाही, तर कुणाला हो कसं म्हणायचं? म्हणून पीएचक्यू-९ च्या पाठीमागे कोऱ्या बाजूला दोन ओळी हातानं लिहाव्यात: या महिन्यात आजारामुळे काय काय सोडावं लागलं. डॉक्टरांना नऊ आकड्यांपेक्षा त्या ओळींतून जास्त कळतं.

भरलेला कागद डॉक्टरांना द्यायचा कसा, हेही सांगायला हवं. गर्दीच्या ओपीडीत मिनिटं मोजून मिळतात. शेवटी, दार उघडता उघडता कागद पुढे केला तर तो फाइलीत जाईल आणि विषय संपेल. आत गेल्या गेल्या सगळ्यात वर ठेवायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, बेरीज १४ आहे, पहिले दोन प्रश्न दोन्ही ३, स्टिरॉइड महिनाभर १० वरच आहे." एवढ्यात त्यांना कळतं की हे औषधाचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना उलटं करायचं, ल्युपसच्या सगळ्या औषधांची यादी आणि शेवटचा ईसीजी न्यायचा. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे ल्युपसचं औषध हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी नावाचा अवधी लांबवू शकतं आणि एसिटालोप्राम ही नैराश्याची गोळीही तेच करते. दोन्ही एकत्र द्यायची तर ईसीजी बघून, नाहीतर बरेच डॉक्टर सर्ट्रालिन पसंत करतात. ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन चालू असेल तर एसिटालोप्राम-सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. झटके येऊन गेले असतील तर बुप्रोपिऑन नको, मूत्रपिंड दुखावलं असेल तर लिथियमपासून लांब. रात्री दुखण्यासाठी दिलेली १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन म्हणजे नैराश्याचा उपचार नव्हे. तो डोस दुखण्याचा आणि झोपेचा आहे. बेलिमुमॅब हे ल्युपसचं औषध चालू असेल तर त्याच्या माहितीपत्रकातच नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल इशारा आहे, तेव्हा ते नाव यादीत हवंच.

उपचार लागू पडतोय का हे पाहायला मात्र पीएचक्यू-९ खरंच झकास आहे. गोळीला किंवा समुपदेशनाला चार ते सहा आठवडे देऊन पुन्हा भरायचा. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. दोन-तीन गुण इकडे तिकडे झाले तर ते एखाद्या वाईट रात्रीचेही असू शकतात. मधे दर दोन-तीन दिवसांनी भरत बसू नये, मुदतच दोन आठवड्यांची आहे. व्यायामाचं नाव या गोळ्यांच्या यादीत बसत नाही म्हणून विसरलं जातं, पण ल्युपसच्या थकव्यावर आणि मनावर नियमित चालण्याचा उपयोग होतो, आणि २०२३ च्या युरोपीय शिफारशींतही व्यायाम आणि मानसिक आधार दोन्ही आहेत. फक्त वेळ सूर्य मावळल्यानंतरची.

जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलि-मानस. १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा, बेंगळुरूच्या निम्हान्सच्या देखरेखीखाली. पहिल्यांदा भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांकडे जोडून देतो. फोनवरच्या माणसाला ल्युपस म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं धरून चालू नये. "त्वचेचा आजार" असं न म्हणता "स्वप्रतिकार आजार आहे, स्टिरॉइड इतके मिलिग्रॅम चालू आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावं आणि भरलेला पीएचक्यू-९ समोर ठेवावा. बोलायला शब्द सुचत नाहीत तेव्हा नुसती उत्तरं वाचून दाखवली तरी संवाद सुरू होतो.

मोबाइलवर का भरू नये ते राहिलं. इंटरनेटवरच्या बहुतेक आवृत्त्या फक्त बेरीज करतात आणि लाल अक्षरात "मध्यम-तीव्र नैराश्य" असं काहीतरी दाखवतात. कुठल्या प्रश्नाला किती गुण होते ते पान बंद झालं की गेलं. आणि ल्युपसमध्ये कामाची गोष्ट नेमकी तीच असते. कागद असेल तर तो फाइलीत रक्ताच्या रिपोर्टांच्या मागे पंच करून लावता येतो, डाव्या कोपऱ्यात तारीख, उजव्या कोपऱ्यात मिलिग्रॅम, चार गोलांची बेरीज समासात.